पिशवीला पुढचा मालक आहे का?

मागच्या महिन्यात किराणा आणला, डब्यांत भरला आणि रिकाम्या पिशव्या मुद्दाम ओट्यावरच राहू दिल्या. एरवी एका पिशवीत बाकीच्या कोंबून सगळं बोचकं कचऱ्यात जातं, त्यामुळे किती निघतात ते कधी कळतच नाही. चौघांच्या घराच्या एका महिन्याच्या सामानातून ३७ निघाल्या. यात भाजीच्या धरलेल्या नाहीत, दुधाच्याही नाहीत. आणि हे सगळं सामान मी घरून नेलेल्या दोन कापडी पिशव्यांतून आणलं होतं! हातात कापड, पोटात प्लास्टिक.

पावसाळा तोंडावर आला की पालिकेची पथकं मंडईत फिरतात, पातळ पिशव्या जप्त होतात, दंडाच्या पावत्या फाटतात आणि त्याची बातमी येते. वाचणाऱ्याच्या मनात येतं, की भाजीवालीची पातळ पिशवी बेकायदा आणि डाळीचं चकचकीत पाकीट मात्र कायदेशीर, हे कसं काय? शिवाय मायक्रॉन, मल्टिलेयर, कंपोस्टेबल असे शब्द अंगावर येतात. म्हणून ओट्यावरच्या त्या ढिगापासूनच सुरुवात करू.

मायक्रॉनची भानगड

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. कोथिंबीर ज्या पांढऱ्या, कुरकुर वाजणाऱ्या पिशवीत मिळते ती त्याहून कितीतरी पातळ, दहा-वीस मायक्रॉनच्या आसपास.

या जाडीवरून राज्यात कडक कायदे होण्यामागे २६ जुलै २००५ आहे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. नाले तुंबण्याच्या कारणांत या पिशव्यांचंही नाव आलं. त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आणली, आणि मार्च २०१८ मध्ये तर सामान न्यायच्या सगळ्याच प्लास्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना काढली; कारखान्यातच भरून येणारी पाकिटं मात्र तिच्यातून सुटली. केंद्रानेही ३० सप्टेंबर २०२१ पासून किमान ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉन जाडीची अट घातली.

इथे कुणीही विचारेल, जाड पिशवीत प्लास्टिक जास्त असतं ना? मग जाड पिशवी चांगली आणि पातळ वाईट, हे उलटंच नाही का?

हिशोब करून पाहू. ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी २० मायक्रॉनची असेल तर तिचं वजन साडेचार ग्रॅमच्या आत. तेवढीच पिशवी १२० मायक्रॉनची असेल तर २६ ग्रॅमच्या आसपास. भंगारवाला वजनावर पैसे देतो. म्हणजे कचरा वेचणाऱ्या बाईला किलोभर प्लास्टिक जमवायचं तर जाड पिशव्या चाळीसेक पुरतात, पातळ सव्वादोनशेहून जास्त लागतात. कोथिंबिरीच्या चिमुकल्या पिशव्या असतील तर नऊशेच्या घरात. एकेका पिशवीसाठी एकदा वाकायचं, त्यातून ती भाजीच्या सालांनी आणि डाळीच्या पाण्याने बरबटलेली. कोण वाकेल? म्हणून पातळ पिशवी रस्त्यावरच राहते, तिथून गटारात, गटारातून नाल्यात.

तेव्हा पिशवी किती जाड, यापेक्षा आपल्या हातून सुटल्यावर तिला पुढचा मालक आहे का, हा खरा प्रश्न. किराणा घेताना एवढा एकच प्रश्न मनात ठेवला तरी निम्मं काम होतं.

जाड पिशवीचा फायदा ती पुन्हापुन्हा वापरली तरच, हेही आहे. एकदा वापरून फेकली तर आपण सहापट प्लास्टिक फेकलं.

डाळ-तांदूळ आणि खिचडी

ओट्यावरच्या ढिगात सगळ्यात देखण्या होत्या त्या चिप्सच्या, बिस्किटांच्या, कॉफीच्या पुड्या. आतून चांदीसारख्या. याला मल्टिलेयर म्हणतात, म्हणजे एकावर एक चिकटवलेले वेगवेगळे थर. एक थर छपाईसाठी, एक हवा आणि ओल रोखायला, त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी पातळ लेप, आणि आतला थर गरम करून तोंड बंद करण्यासाठी.

डाळ आणि तांदूळ एकमेकांत सांडले तर निवडून वेगळे करता येतात. कंटाळवाणं आहे, पण येतात. खिचडी झाल्यावर मात्र वेगळे करून दाखवा! एकाच जातीच्या प्लास्टिकची पिशवी वितळवून पुन्हा दाणे करता येतात, बादली-पाइप होतो. थरांच्या पुडीची खिचडी झालेली असते. ती वेगळी करण्याचा खर्च तिच्यातून निघणाऱ्या मालापेक्षा जास्त, म्हणून भंगारवाला तिला हात लावत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून किंवा डांबरी रस्त्यात ती जाते, तेही कुणी वेगळी करून पोचवली तर.

आता ढिगाची वाटणी सोपी होते. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. धुऊन वाळवली की तिला हमखास गिऱ्हाईक. २०१८ च्या अधिसूचनेत तर दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापावी आणि ती ५० पैशांपेक्षा कमी नसावी, असं कलम होतं. तेलाचा कॅन, पाण्याची बाटली, खोका, पत्र्याचा डबा, या सगळ्यांना मालक आहे. काचेच्या बरणीला घरातच मालक मिळतो. डाळ-साखरेची साधी पारदर्शक पिशवी मधली म्हणायची, स्वच्छ आणि कोरडी दिली तर चालते. थरांच्या पुड्या आणि पातळ पिशव्या मात्र अनाथ.

पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना १९९३ पासून आहे. संघटनेचं नावच नीट वाचा. कागद, काच, पत्रा. कशाला भाव आहे ते तिथेच लिहिलंय.

सुटं घ्यायचं तर आधी धडा

अनाथ पिशवी टाळायचा सरळ मार्ग म्हणजे माल सुटा घेणं आणि डबा आपला नेणं. परदेशी शहरांत अशी दुकानं कौतुकाने निघाली. बर्लिनला २०१४ मध्ये निघालेल्या एका दुकानाची तर जगभर चर्चा झाली. गोव्यातही 'इकोपोसरो' नावाचं दुकान निघालं. पोसरो म्हणजे कोकणीत दुकान. छानच आहे. पण कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उघड्या तोंडाची पोती आणि त्यात खोचलेलं माप मी लहानपणापासून बघतेय, त्याला कुणी असं गोड नाव दिलं नाही इतकंच.

पहिल्यांदा मी स्टीलचे डबे घेऊन गेले तेव्हा फसले. दुकानदाराने डबा काट्यावर ठेवला, त्यात तूरडाळ ओतली, आकडा बघितला आणि पैसे सांगितले. घरी येऊन सहज डबा रिकामा करून तोलला तर ३८० ग्रॅम. म्हणजे साठेक रुपयांची डाळ समजून मी माझ्याच डब्याचे पैसे देऊन आले होते.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "धडा करून घेतला नाहीस?" हा शब्द मी विसरलेच होते. तराजूच्या काळात एका पारड्यात रिकामं भांडं ठेवायचे आणि दुसऱ्या पारड्यात खडे किंवा वजनं टाकून काटा मध्यावर आणायचे. तो धडा. मग भांड्यात माल. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर तेच काम 'टेअर' लिहिलेलं एक बटण करतं. रिकामा डबा ठेवायचा, बटण दाबायचं, आकडा शून्य झाला की माल घालायचा.

"काका, आधी धडा करा," असं आता मी म्हणते. आमचा वाणी साठीचा आहे, शब्द ऐकून हसला. "किती वर्षांनी ऐकला वहिनी. आता पोरांना सांगावं लागतं, झिरो करा." त्याच्या दुकानातल्या नव्या मुलाला ते बटण कुठलं हेच माहीत नव्हतं.

एक साधी युक्ती सांगते. प्रत्येक डब्याच्या बुडाला रिकाम्या डब्याचं वजन मार्करने लिहून ठेवा. गर्दीच्या वेळी दुकानदाराला बटण-बिटण नको असतं, तो सरळ वजाबाकी करतो. आणि स्टीलचे डबे नेण्यापेक्षा लहान सुती थैल्या न्या, नाडीच्या. त्यांचं वजन नगण्य, घरी आल्यावर डब्यात ओतायचं. पिठासाठी आणि गुळासाठी तेवढा डबा.

सुटा माल म्हणजे वेष्टन शून्य, असं मात्र नाही. वाण्याकडे तो ५० किलोच्या कट्ट्यातून येतो. कट्टा प्लास्टिकच्या पट्ट्यांचा विणलेला, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. तेवढाच माल किलोकिलोच्या पाकिटांतून घेतला तर पाकिटं ५०, प्रत्येकी सात-आठ ग्रॅम धरा, म्हणजे पावणेचारशे ग्रॅम. प्लास्टिक तिपटीने कमी झालं, आणि मुख्य म्हणजे रिकामा कट्टा वाणी विकतो. त्याला मालक आहे.

हेच गणित पाकिटाच्या आकारालाही लागू. एक किलो बारके बटाटे सोला आणि एक किलो मोठे सोला, बारक्यांच्या सालांचा ढीग मोठा होतो. पाकिटाचंही तसंच. सुटं मिळतच नसेल तर निदान अर्ध्या किलोची दोन घेण्यापेक्षा एक किलोचं एक घ्यावं. दूध रोज लिटरभर लागतं आणि अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या येतात, अशा घरात वर्षाला ३६५ पिशव्या नुसत्या सवयीने जास्तीच्या.

गिरणी

वेष्टनमुक्त खरेदीचं सगळ्यात पक्कं ठिकाण शहरात अजून जिवंत आहे आणि त्याची कुणी दखल घेत नाही. पिठाची गिरणी. गहू डब्यात न्यायचा, पीठ त्याच डब्यात आणायचं, डब्यावर नाव खडूने. पिशवी लागतच नाही.

मी दळण टाकायला शनिवारी जाते. गिरणीवाले काका डब्याचं झाकण उघडून मूठभर गहू हातावर घेतात, फुंकर मारतात, बोटाने फिरवतात. "ओलसर आहे हो जरा. ऊन दाखवलं नाही का?" मग मी विचारायचं ते विचारते, "आधीचं दळण कशाचं झालं?" "ज्वारीचं. थोडी येईल हं तुमच्यात." हरभऱ्याच्या डाळीचं झालं असेल तर मी थांबते, उपासाची भाजणी असेल तर सकाळी पहिला नंबर लावते. पाच मिनिटांत डबा गरम होऊन परत येतो, झाकण लगेच लावायचं नाही, नाहीतर पिठाला घाम सुटतो.

पाकिटातलं पीठ किती दिवसांपूर्वी दळलं ते मागे छापलेल्या तारखेवरून शोधावं लागतं. इथे ते माझ्यासमोर पडतं. मसाल्याचंही तसंच. उन्हाळ्यात ब्याडगी आणि लवंगी मिरची घ्यायची, ऊन दाखवायचं, डंकावर कांडून आणायची. लालबागच्या मिरची गल्लीत मार्च-एप्रिलमध्ये जाऊन आलेल्याला हे सांगायला नको, ठसका अजून घशात असेल. वर्षभर मसाल्याच्या छोट्या पुड्यांचं नाव नाही.

"पण सुट्यात भेसळ असते"

ही शंका सगळ्यात आधी येते आणि ती खोटी नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, लोकांच्या अंगावर सूज आली आणि साठाहून जास्त माणसं दगावली. त्याच वर्षी खाद्यतेल सीलबंदच विकलं पाहिजे असा आदेश निघाला. दळलेले मसालेही सुटे विकायला परवानगी नाही. कारण उघड आहे. तेलात तेल मिसळलं किंवा हळदीत रंग, तर डोळ्यांना कळत नाही.

म्हणून मी सीमा अशी आखते. जे अख्खं आहे, डोळ्यांनी पाहता येतं, निवडता-धुता येतं, ते सुटं घ्यायचं. गहू, तांदूळ, डाळी, कडधान्यं, शेंगदाणे, पोहे, साबुदाणा, गूळ, अख्खे मसाले. जे दळलेलं किंवा पातळ आहे ते पॅकबंद. हळद-तिखट हवं तर अख्खं घेऊन आपण दळून आणायचं. तेल मोठ्या कॅनमधून किंवा १५ किलोच्या डब्यातून. तो पत्र्याचा डबा पुढे धान्याला होतो, नाहीतर भंगारात हसत जातो.

पाकीट म्हणजे शुद्धतेची हमी, असंही नाही. पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो, बॅच नंबर असतो. त्याचा अर्थ, काही निघालं तर कुणाला धरायचं ते ठरलेलं आहे. सुट्यामध्ये धरायला फक्त वाणी असतो. माझा अनुभव असा की रोज तोंड दाखवायचं असतं तो वाणी निकृष्ट माल परत घेतो. पण हा माझ्या वाण्याचा अनुभव झाला.

"सुट्यात किडे होतात" ही दुसरी तक्रार. होतात. पोरकिडे पाकिटातही होतात, फक्त उशिरा दिसतात. ऊन दाखवणं, तुरीच्या डाळीला एरंडेलाचं बोट लावणं, तांदळात कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकणं, हे आपल्या घरांना शिकवायला नको. ज्या फ्लॅटमध्ये ऊनच येत नाही तिथे महिन्यापुरतंच घ्यावं, वर्षाचं भरू नये. रवा-बेसन आणलं की दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं तरी बराच फरक पडतो.

भावाचं काय? सुटं महाग पडतं हा गैरसमज चकचकीत सेंद्रिय दुकानांमुळे झालाय. वाण्याकडे उलट आहे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद आणि लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. समोर पोत्यातून काढून तोलून दिलेल्या मालावर तो नाही. तेव्हा या करावर बराच गदारोळ झाला होता, पण सुट्याला त्यातून वगळलंय ही गोष्ट फार कमी जणांच्या लक्षात राहिली.

कापडी पिशव्यांचा डोंगर

आता थोडं स्वतःवर. प्लास्टिक सोडायचं ठरवलं आणि मी पहिल्या महिन्यात सहा नव्या कोऱ्या कापडी पिशव्या विकत घेतल्या, त्यावर झाडाचं चित्र असलेल्या. ही चूक बहुतेक सगळे करतात.

कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, सूत काढायला आणि विणायला वीज. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला की हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर एक सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एकदाच वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात पाणी, जमीन, सगळे परिणाम धरून आकडा ७,१०० वर गेला, नुसत्या हवामानापुरता मात्र ५२ होता. आकडे इतके वेगळे येतात कारण प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी. आणि या हिशोबांत पिशवी नाल्यात जाऊन काय करते ते फारसं येत नाही. आपल्याला तर तेच जास्त भोवतं.

पण तात्पर्य पक्कं. १३१ वेळा म्हणजे आठवड्यातून दोनदा नेली तर सव्वा वर्ष. एक पिशवी सव्वा वर्ष टिकवणं काही अवघड नाही, सहा नव्या घेऊन पाच खुंटीला टांगणं मात्र निव्वळ उधळपट्टी. जुन्या चादरीची, साडीची, बाबांच्या पँटची शिवलेली पिशवी असेल तर हा हिशोबच लागत नाही, तो कापूस केव्हाच वसूल झालाय. आमच्याकडे शिंप्याने कापलेल्या पँटच्या पायाची एक पिशवी आहे, तिच्यात दहा किलो कांदे येतात आणि तळाला अजून इस्त्रीची घडी दिसते.

आणखी एक फसगत. मिठाईच्या, कपड्यांच्या दुकानात मिळणारी कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी कापडाची नसते, प्लास्टिकचीच असते. नीट बघा, तिच्यात ताणा-बाणा नाही, सूत उसवत नाही, जुनी झाली की तिचे भुसभुशीत तुकडे पडतात. तिच्यासाठी जाडीऐवजी वजनाचा नियम आहे, चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम.

कागद, 'विरघळणारी' पिशवी आणि दहा मिनिटांत घरपोच

कागदी पिशवी नाल्यात अडकत नाही आणि रद्दीवाला नेतो, एवढं तिचं कौतुक पुरे. तिला झाड, पाणी आणि वीज भरपूर लागते. खाण्याचा पदार्थ वर्तमानपत्रात बांधून देणं तर २०१८ च्या अन्नवेष्टन नियमांनी बंदच केलंय, शाईतली रसायनं पदार्थात उतरतात म्हणून.

कंपोस्टेबल पिशवी म्हणजे खत होऊ शकणारी. हे खरं, पण मोठ्या प्रकल्पात, साठ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत. गॅलरीतल्या कुंडीत टाकाल तर सहा महिन्यांनी माती उकरताना ती तुमच्याकडे बघत असेल. भंगारच्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर उलट तो सगळा घाणा बिघडवते. पुढचा मालक? प्रकल्प असलेल्या शहरात आहे, नसलेल्या शहरात नाही.

आणि ॲपवरून मागवणं. यात पाकीट एक सुटत नाहीच, वर एक कागदी पिशवी, कधी थंड वस्तूला वेगळी पिशवी. पण माझी खरी हरकत वेगळीच आहे. दहा मिनिटांत येतंय म्हटल्यावर आपण यादी करायचं सोडतो. सकाळी कोथिंबीर, दुपारी दही, संध्याकाळी अर्धा किलो साखर. बटाट्याच्या सालांचं गणित आठवा, बारकी पाकिटं, जास्त साल. ज्यांना आजारपणात, बाळंतपणात, म्हातारपणात याचा आधार आहे त्यांनी अजिबात मनाला लावून घेऊ नये. बाकीच्यांनी निदान आठवड्याचं एकदम मागवावं.

मोठ्या दुकानांचीही तऱ्हा आहे. एका ठिकाणी दारातल्या सुरक्षारक्षकाने माझ्या कापडी पिशवीचे बंद प्लास्टिकच्या पट्टीने आवळून सील केले. चोरी होऊ नये म्हणून. आत चार वांगी घ्यायची तर पातळ पिशवीत घालून तोलायची आणि पिशवीवर स्टिकर चिकटवायचं. मी आता स्टिकर वांग्यावरच लावून मागते. मुलगी आधी गोंधळली, मग "लावते मॅडम" म्हणाली. कुठलाही नियम आडवा आला नाही, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

सडलेली कोथिंबीर

इथे सगळ्यात अडचणीची गोष्ट सांगायला हवी. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अन्नाच्या पर्यावरणीय खर्चाचा एक मोठा अभ्यास आला. त्यानुसार अन्नामुळे हवेत जाणाऱ्या उष्णतावाढीच्या वायूंपैकी वेष्टनाचा वाटा जेमतेम ५ टक्के. मोठा वाटा शेतातला आणि गोठ्यातला. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात घराघरांत माणशी वर्षाला ५५ किलो अन्न वाया जातं. चौघांच्या घरात ते २२० किलो होतं.

म्हणजे मी डबा घेऊन सुटं पनीर आणलं आणि तिसऱ्या दिवशी आंबलं म्हणून टाकलं, तर पाकिटातलं आणून खाल्लेलं बरं. टाकलेल्या पनीरबरोबर म्हशीचा चारा, पाणी, दूध थंड ठेवायची वीज, सगळं टाकलं. ब्रेड, पनीर, दूध यांचं वेष्टन काम करतं, त्याच्याशी भांडू नये. चार केळ्यांभोवती गुंडाळलेलं प्लास्टिक आणि सोललेला लसूण पाकिटात, हे मात्र शुद्ध आळसाचं वेष्टन. केळ्याला साल देवाने दिलीय.

पालेभाजी हीच खरी परीक्षा. पिशवीशिवाय आणली की कोमेजते, प्लास्टिकमध्ये ठेवली की घाम सुटून सडते. निवडून, देठं कापून, जुन्या सुती पंच्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवली तर आमच्याकडे कोथिंबीर आठवडा काढते. पंचा कोरडा, ओला नाही. हे मी तीन जुड्या घालवून शिकले.

"माझ्या एकटीने काय होणार?"

फार नाही. देशात वर्षाला ४१ लाख टनांच्या घरात प्लास्टिक कचरा होतो, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा आकडा सांगतो. माझ्या ३७ पिशव्या त्यात कुठे?

म्हणूनच २०२२ पासून केंद्राने विस्तारित उत्पादक जबाबदारीचे नियम आणले. शब्द अवजड आहे, अर्थ साधा, की ज्याने पाकीट बाजारात आणलं त्याने त्याच्या कचऱ्याची व्यवस्था करायची, दरवर्षी ठरलेल्या टक्केवारीएवढी. बिरयाणीवाल्याने मांडव घातला तर पत्रावळीही त्यानेच उचलायच्या, तसं. हा नियम मला भाजीवालीच्या दंडापेक्षा जास्त पटतो. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद, असा राज्याचा दंड आहे. टोपलीभर मेथी विकणाऱ्या बाईला ५,००० म्हणजे कितीतरी दिवसांची कमाई. आणि ती पिशव्या हौसेने ठेवत नाही, स्वतःच्या पैशाने विकत आणते, कारण आपण हात हलवत जातो. पिशवी नसली की गिऱ्हाईक पुढच्या टोपलीवर. एकदा एका मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "तुमी पिशवी आना, मला काय हौस हाय व्हय? तेवढे माजेच वाचत्यात." त्या दिवशी पिशवी नेली होती म्हणून वर मूठभर मिरच्या टाकल्या त्यांनी.

या महिन्यात पुन्हा ओट्यावर ढीग मांडला. ३७ च्या १६ झाल्या. त्यातल्या सातांना मालक आहे, त्या धुऊन दोरीवर वाळताहेत. उरलेल्या नऊ अनाथ. एक कॉफीची, दोन चिप्सच्या आणि सहा बिस्किटांच्या. बेकरीत नानकटाई आणि खारी माझ्या डब्यात तोलून मिळते, धडा करून, पण मुलाला ती नको आहे. त्याला ती मधे क्रीम असलेलीच हवीत, आणि त्यातलंही क्रीम खाऊन तो बिस्किटं ताटलीत ठेवतो.